वाचन नेमकं कुठे अडतंय, ते आधी शोधा

'मूल हुशार आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतं, दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब करतं, पण पुस्तक उघडलं की गप्प बसतं.' पालक आणि शिक्षक या शब्दांत विचारत राहतात आणि पाठोपाठ प्रश्नही तेच असतात. मोठं झालं की येईल का? माध्यम बदलू का? त्याच वर्गात पुन्हा बसवू का? अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट काढलं तर पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल का?

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. 'अजून वाच, रोज वाच' एवढं सांगून न वाचणारं मूल वाचायला लागत नाही. ज्या पायरीवर ते अडलंय, तिथे जाऊन ती पायरी शिकवावी लागते. दुसरं म्हणजे, सर्टिफिकेटने परीक्षेत सवलत मिळते, वाचन येत नाही. ते शिकवण्याचं काम आधीही करायचं असतं आणि नंतरही. इथे मुख्यतः मराठी वाचनाबद्दल लिहितो आहे, कारण देवनागरीत मूल जिथे अडखळतं त्या जागा इंग्रजीहून वेगळ्या आहेत आणि बाजारात मिळणारं बरंचसं साहित्य इंग्रजीवर बेतलेलं असतं.

आधी डोळे, कान आणि घरची भाषा

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वाचत नाही, किंवा कान सतत वाहतो म्हणून 'ट' आणि 'ठ' सारखेच ऐकू येतात, असं असेल तर तो वाचनाचा दोष नव्हे. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. मूल त्या दिवशी गैरहजर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खासगी शाळेतल्या मुलाची दृष्टी आणि श्रवण एकदा रीतसर तपासून घ्या.

घरी वारली, कातकरी, पावरी, गोंडी किंवा हिंदी बोललं जात असेल आणि शाळा मराठी असेल, तर पहिली-दुसरीतलं अडखळणं बऱ्याचदा भाषेचं असतं. या मुलाला आधी तोंडी मराठी भरपूर मिळायला हवी. त्याला 'मंद' किंवा 'डिस्लेक्सिक' (म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता असलेलं) म्हणणं चुकीचं आहे.

वीस मिनिटांत कळतं

मूल कुठे अडलंय हे शोधायला तज्ज्ञ लागत नाही. कागद, पेन्सिल आणि शांत जागा पुरे. चित्र असलेलं पान वापरू नका. चित्र बघून शब्द ठोकून देण्यात ही मुलं तरबेज असतात.

१. आवाज. पुस्तक बंद ठेवून विचारा: 'पाटी'तला 'पा' काढला तर काय उरतं? 'का, ला, पा' यांत सारखं काय ऐकू येतं?
२. सुटी अक्षरं. 'क'पासून क्रमाने विचारू नका. उलटसुलट दाखवा. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या मुद्दाम घाला.
३. मात्रा. 'कु, मे, ति, रो, पू' असे विस्कळीत लिहा. बाराखडी गाणारं मूल इथे थांबलं, तर ती त्याला पाठ आहे, वाचता येत नाही, एवढंच समजा.
४. निरर्थक शब्द. 'तिपनू', 'लोसामी', 'बुकेर'. ओळखीचे शब्द आठवणीतून म्हणता येतात. हे वाचावेच लागतात.
५. मागच्या इयत्तेतला एक परिच्छेद. मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि तीन प्रश्न विचारा. मग तेवढाच दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावरही तीन प्रश्न विचारा.

पाचव्या चाचणीतल्या फरकाकडे नीट बघा. तुम्ही वाचलेलं समजतं, पण स्वतः वाचलेलं नाही, तर अडचण अक्षरं आणि मात्रा उलगडण्यात आहे. तुम्ही वाचलेलंही समजत नसेल, तर नुसत्या अक्षरसरावाने काही होणार नाही. शब्दसंग्रह, गप्पा आणि गोष्टी वाढवाव्या लागतील. सगळं बरोबर वाचतं पण रखडत रखडत, तर ओघाचा सराव हवा. भराभर वाचूनही काही सांगता येत नसेल, तर अर्थावर काम करायचं. काही मुलांत यांतलं एकाहून जास्त असतं. तेव्हा यादीत जे वर आहे त्यापासून सुरुवात करा.

शिकवायचं कसं: मात्रा थांबवू नका

आपली जुनी वाट म्हणजे आधी 'क' ते 'ज्ञ', मग काना, मग वेलांट्या, मग उकार. बहुतेक मुलं या वाटेनेही शिकतात. अडलेलं मूल मात्र या रांगेत महिनोन्महिने उभं राहतं आणि तोवर त्याच्या हाती वाचण्याजोगं काही लागत नाही. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं मुलांचा मागोवा घेत 'लिरिल' हा अभ्यास केला. त्याचाही रोख असा की अक्षरं आणि मात्रा छोट्या गटांत एकत्र द्याव्यात, म्हणजे पहिल्या आठवड्यांतच शब्द वाचता येतात.

पहिला गट क, म, न, र, ल आणि काना असा घ्या. एवढ्यावर कान, नाक, काम, मान, काका, मामा, लाल, कमान, कमाल हे शब्द तयार होतात, आणि 'मामा, काका, लाल नाक...' अशी गंमतही सुरू करता येते. मग त, प, ब, स आणि दीर्घ वेलांटी घाला की माती, साप, बाबा, पीक, बारीक येतात. आधीचा गट उलटसुलट विचारून दहापैकी नऊ वेळा बरोबर येईपर्यंत पुढचा उघडू नका. सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. 'घ' पक्का होण्याआधी 'ध' दाखवला तर दोन्ही जातात.

'क ला काना का, न, कान' ही पद्धत अडलेल्या मुलासाठी सोडून द्या. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं अक्षर डोक्यातून निघून गेलेलं असतं. 'का' हा एकच आवाज म्हणून शिकवा आणि मध्ये न थांबता पुढच्या आवाजात मिसळायला लावा.

पुढच्या जागा खास मराठीच्या आहेत. तिथे थोडं थांबावंच लागतं.

- 'बदक' का कळत नाही? मूल 'ब, द, क' असं तीनदा बरोबर म्हणतं आणि तरी शब्द ओळखत नाही, कारण बोलताना शेवटचा 'क' अर्धा होतो. 'ब-दक्' असं दोन तुकड्यांत म्हणून दाखवा. 'कमल' आणि 'कमला' शेजारी ठेवा.
- ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते पण नंतर ऐकू येते. 'गर्दी'त रफार 'दी'वर दिसतो पण बोलायचा आधी. त्यामुळे काही मुलं 'गदीर' वाचतात. वेलांटी आणि रफार लाल पेन्सिलीने रंगवा, आणि बोट आधी कुठे ठेवायचं आणि मग कुठे न्यायचं ते प्रत्येक वेळी करून दाखवा.
- 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार. 'चार' आणि 'चाक', 'जेवण' आणि 'जाड'. नियम समजावत बसू नका. 'दोन्ही म्हणून बघ, ओळखीचा शब्द कुठला लागतो?' एवढं पुरतं.
- जोडाक्षरं. आधी एकाच अक्षराची: पक्का, चप्पल, अण्णा. मग सरळ दिसणारी: म्हण, पुस्तक, रस्ता. 'र'ची रूपं सगळ्यात शेवटी आणि एकेक: गर्दी, चक्र, ट्रक. 'दर्या' आणि 'दऱ्या' एकाच आठवड्यात आणू नका.
- ऱ्हस्व-दीर्घ. पहिल्या वर्षी लिहिताना चुकलं तर सोडून द्या. बोलताना आपणही हा फरक फारसा करत नाही, मग मुलाने तो ऐकायचा कुठून? नेमकी हीच चूक तांबड्या शाईने गोल करण्याची आपल्याला फार हौस.

आवाजांच्या खेळाला चिंचोके चांगले. शब्द म्हणायचा आणि प्रत्येक अक्षराला एक चिंचोका सरकवायचा. धूळपाटीही वापरा, म्हणजे ताटात रवा किंवा रांगोळी पसरून बोटाने अक्षर काढायचं. मात्र काढताना तोंडाने आवाज म्हणायलाच हवा. गप्प बसून गिरवलेलं अक्षर हाताला येतं, वाचनाला येत नाही.

रोजची अर्ध्या तासाची बैठक

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास बरा. वेळ अशी वाटून घ्या:

- ५ मिनिटं: कालपर्यंतची अक्षरं-मात्रा, पत्त्यांसारखी पिसून
- ५ मिनिटं: पुस्तक बंद ठेवून आवाजांचे खेळ किंवा शब्दांच्या भेंड्या
- ७-८ मिनिटं: एकच नवी गोष्ट आणि तिचे आठ-दहा शब्द
- ५ मिनिटं: त्याच शब्दांचं श्रुतलेखन, नवे शब्द नाहीत
- उरलेला वेळ: चार-सहा ओळींचा मजकूर, तोच तीन-चार वेळा

हा मजकूर वाचताना तुम्ही सोबत बसून एकाच वेळी वाचा. मुलाला एकट्याने वाचावंसं वाटलं की ते टेबलावर टकटक करेल आणि तुम्ही थांबायचं. अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा, शब्द सांगा आणि पुढे जा. 'काल तर आला होता!' हे वाक्य गिळून टाका.

आणि बैठकीबाहेर मुलाला वाचून दाखवणं थांबवू नका. वाचता येत नाही म्हणून चौथीतल्या मुलाला पहिलीच्या गोष्टींवर ठेवलं तर त्याची भाषा आणि माहितीही मागे पडते. परिसर अभ्यासाचा धडा तुम्ही वाचा, उत्तर त्याने तोंडी सांगावं. बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. तिथली पहिल्या पातळीची पुस्तकं सरावाला आणि वरच्या पातळीची ऐकवायला घ्या.

वर्गात चाळीस मुलं असतील तर

शिक्षकांचा हा प्रश्न रास्त आहे. दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करा: अक्षरावर असलेले, शब्दावर असलेले, परिच्छेदावर असलेले. 'प्रथम' या संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांत राबवली आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट एकत्र केले तर तीन शिक्षकांत काम वाटून जातं. गट कायमचे नकोत. दर तीन-चार आठवड्यांनी तपासून मुलं पुढे सरकवा.

अडलेल्या मुलाला वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नका. वाचायला लावायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवा.

डिस्लेक्सियाची शंका कधी घ्यायची?

अशी तीन महिने नेमकी, रोजची शिकवणी देऊनही मूल फारसं हललं नाही, तर. त्याआधीही घ्यावी, जर पुढच्यापैकी तीन-चार गोष्टी एकत्र दिसत असतील:

- आई, वडील, काका किंवा मामा यांना शाळेत असंच जड गेलं होतं
- बोलायला उशिरा लागलं, यमक लक्षात राहत नाही
- आज पक्कं आलेलं अक्षर उद्या पुसलं जातं
- एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो
- तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर दोन वेगळ्या मुलांची वाटतात

सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरं काढणं बऱ्याच मुलांत दिसतं. तेवढ्यावरून घाबरू नका.

शिक्षकांना पहिली ते पाचवीसाठी वापरता येणारी 'दाली' ही चाळणी चाचणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली आहे आणि ती मराठीतही आहे. चाळणीत मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. पुढची तपासणी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून करतात.

हक्क कोणते, सवलती कोणत्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश एकवीस प्रकारांत झाला. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यानुसार अध्यापनाचे उपाय करणं हे शाळेचं कर्तव्य आहे, असं कलम १६ म्हणते. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात तर अशा सवलती १९९६ पासून आहेत. म्हणजे मुख्याध्यापकांकडे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

व्यवहारात हे लक्षात ठेवा:

- प्रमाणपत्र साधारणपणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं आणि पुढे तपासणी पुन्हा करावी लागते. शिकवणी मात्र आठव्या वर्षापर्यंत थांबवायची नाही.
- खासगी तज्ज्ञाचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी असतो, पण बोर्डाच्या सवलतीसाठी प्राधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव आणि केईएम रुग्णालयांत यासाठी विभाग आहेत. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो.
- तारखा उशिराच्या मिळतात. दहावीच्या दिवाळीत धावाधाव करू नका, आठवीतच नंबर लावा. मुलाच्या जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकांचा लेखी अभिप्राय सोबत न्या.
- सगळ्या सवलती एकदम घेऊ नका. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेतलं की अकरावीला विज्ञानाची वाट अवघड होते. मुलाला गणित जमत असेल आणि फक्त शब्दांची उदाहरणं वाचता येत नसतील, तर वाचून दाखवणारा माणूस मागा, गणित सोडू नका.
- लेखनिक मिळाला तरी त्याच्यासोबत काम करण्याचा सराव लागतो. सहामाहीपासून सुरू करा.

शाळेने दाद दिली नाही तर तोंडी वाद घालू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मग गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. तिथेही काम झालं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक किंवा तज्ज्ञ असतात. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. त्यांना शाळेत बोलावण्याची मागणी अर्जातच घाला.

कपाळावरच्या शिक्क्याबद्दल म्हणाल, तर 'ढ' हा शिक्का वर्गात आधीच बसलेला असतो. मुलाला साध्या शब्दांत सांगा की त्याचं डोकं चांगलं आहे आणि अक्षरं त्याच्या डोक्यात वेगळ्या रीतीने शिकवावी लागतात. बहुतेक मुलांना हे ऐकून हायसं वाटतं.

पैसे आणि वर्ष कुठे वाया जातात

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची टॉनिकं. यांतल्या पहिल्या दोहोंबद्दल अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं आहे की डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही. तीस दिवसांत वाचन शिकवण्याची हमी देणाऱ्याला एकच विचारा: पहिल्या दिवशी काय तपासणार आणि तिसाव्या दिवशी कशाने मोजणार?

दहा-दहा पानं शुद्धलेखन उतरवून घेणं हेही त्यातलंच. न वाचता येणारं मूल चित्र काढावं तसं अक्षर काढतं.

त्याच वर्गात पुन्हा बसवल्याने शिकवण्याची पद्धत बदलत नाही, फक्त मूल वयाने मोठं दिसू लागतं. माध्यम बदलण्याचा निर्णय घरच्या भाषेवर घ्या. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर लहान वयात मराठीत येणं बहुधा सोपं जातं, कारण देवनागरीत अक्षर बघितल्यावर आवाज बराचसा ठरलेला असतो. पण सातवी-आठवीत माध्यम बदललं तर सगळ्या विषयांचे शब्द नव्याने शिकावे लागतात. आणि डिस्लेक्सिया असेल तर तो माध्यमाबरोबर शाळेतून निघून जात नाही.

'तारे जमीं पर' या चित्रपटाने २००७ मध्ये हा विषय घराघरांत नेला, त्याबद्दल आभार मानायलाच हवेत. मात्र पडद्यावर एका गाण्यात जेवढं होतं, त्याला प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं लागतात, आणि मोठेपणीही वाचनाचा वेग थोडा कमी राहू शकतो. दर महिन्याला त्याच पाच चाचण्या घेऊन तारीख टाकून ठेवा, म्हणजे सरकलेलं दिसतं.

जूनमध्ये नव्या शिक्षकांना द्यायचा कागद

वर्गशिक्षक बदलले की वर्षभराचं काम पुन्हा 'क'पासून सुरू होतं, ही तक्रार फार ऐकू येते. म्हणून शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातच एक पान लिहून द्या. त्यात एवढं पुरे:

- कोणती अक्षरं, मात्रा आणि जोडाक्षरं पक्की आहेत, आणि सध्या कुठे काम चालू आहे
- ऐकून काय समजतं (याच्या वयाचं सगळं, असं असेल तर तेच ठळक लिहा)
- वर्गात काय करू नये: अचानक मोठ्याने वाचायला लावणं, फळ्यावरचं घाईने उतरवून घेणं
- काय चालतं: तोंडी उत्तर, मोठा ठसा, ओळीखाली पट्टी, गृहपाठ अर्धा
- प्रमाणपत्राची प्रत, किंवा तपासणीची मिळालेली तारीख
- मूल कशात चांगलं आहे, आणि वर्गात त्याला कुठलं काम देता येईल

एक प्रत शिक्षकांना, एक मुख्याध्यापकांना द्या, आणि तिसरी पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा.